वारीत कॅमेऱ्याला वीज कुठून आणायची? (बॅटरी, पेन्सिल सेल, पॉवर बँक)

सासवडची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

यंदा सासूबाईंच्या दिंडीबरोबर सासवड ते फलटण चालायचं ठरलंय. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. मुक्काम तंबूत, दिंडीचा ट्रक सोबत. पाठीवर किती सामान न्यायचं यावरून घरात एक चर्चासत्र आधीच होऊन गेलंय.

घरात कॅमेरे दोन. एक माझा कॅनन १५००डी, त्याची एलपी-ई१० ही एकुलती एक बॅटरी. मागच्या महिन्यात नणंदेच्या हळदीला सकाळी फुल चार्ज करून नेली होती, चार वाजता मान टाकली. हा कॅमेरा यूएसबीने चार्ज होत नाही, बॅटरी काढून चार्जरला लावावी लागते. दुसरा सासऱ्यांचा जुना निकॉन कूलपिक्स एल ८३०. लांब झूमचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा.

दुसरी बॅटरी घ्यायची तर ओरिजिनलच घ्यावी की लोकल चालेल? पॉवर बँकेवर कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होते का? नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं सोड आणि बाबांचा कॅमेरा ने. सेल काय, वाटेत कुठल्याही टपरीवर मिळतात. त्याचं बरोबर आहे असं मला मुळीच वाटत नाही, पण कारण सांगता येत नाहीये. कृपया कारण द्या.

---

चहाटळ

नवऱ्याचं बरोबर नाही हे आधी ठरलंय आणि कारण नंतर शोधायचंय. धागा योग्य दिशेने चाललाय. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

घड्याळजी

कारण माझ्याकडे आहे आणि ते भिंतीवर टांगलेलं आहे.

माझ्याकडेही चार सेलवाला कॅमेरा होता. रायगडावर गेलो असताना सेल संपले म्हणून पाचाडच्या दुकानातून चार नवे घेतले. कॅमेरा सुरू केला, लेन्स बाहेर आली, दोन फोटो निघाले आणि तिसऱ्याला पडद्यावर 'बॅटरी संपली'. दुकानदाराला मनातल्या मनात बरंच बोललो. घरी आल्यावर त्यातलाच एक सेल वैतागून भिंतीवरच्या घड्याळात घातला. ते घड्याळ पुढे आठ महिने चाललं.

सेल मेलेले नव्हतेच. कॅमेऱ्याचं काम त्यांना झेपणारं नव्हतं.

---

ओहमचा_नियम

घड्याळजींचं उदाहरण चोख आहे, त्यामागचं कारण सांगतो.

टपरीवर मिळणारा स्वस्त पेन्सिल सेल बहुतेक वेळा झिंक-कार्बनचा असतो. रिमोट, घड्याळ, छोटा रेडिओ यांना अगदी थोडा करंट लागतो, तेवढा तो महिनोन्‌महिने पुरवतो. कॅमेरा मात्र झूमची मोटर फिरवताना किंवा फ्लॅश भरताना एकदम मोठा घास मागतो. या सेलचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे मोठा करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. कॅमेरा ते कोसळलेलं व्होल्टेज बघतो आणि सेल संपला असं समजून बंद होतो. दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू केला तर आणखी एखादा फोटो मिळतो, ते याचमुळे.

अल्कलाइन त्याहून बरा, पण दुखणं तेच. सुरुवात दीड व्होल्टने होते आणि वापराबरोबर तो सारखा उतरत जातो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक त्याला कमी समजतात. पण त्याचा अंतर्गत रोध कमी असतो आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. कॅमेऱ्याला तेच हवं असतं.

तर ताई, टपरीवर सेल मिळतात हे खरं, पण ते घड्याळाचे. घ्या तुमचं कारण.

---

सासवडची_सून

@ओहमचा_नियम, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं आहे.

---

डार्करूम

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. निकॉन एफएम२ ला बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला, शटर पूर्ण यांत्रिक. बटन सेल संपले तर आकाशाकडे बघायचं, एक्स्पोजर मनाशी ठरवायचं आणि खटका दाबायचा. पेंटॅक्स के१००० चंही तसंच. मी दिवे घाटात पालखी काढली ती बॅटरीशिवाय, भर पावसात, छत्री दाताखाली धरून.

---

चहाटळ

काका, छत्री दाताखाली की काखेत? मागच्या वेळी काखेत होती.

---

डार्करूम

दोन वेगवेगळ्या वाऱ्या होत्या.

आणि सगळंच बिनविजेचं होतं असंही नाही. फ्लॅश होता, त्याला चार पेन्सिल सेल लागायचे. एक फोटो काढला की कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत ती बारीक 'चींऽऽ' ऐकत उभं राहायचं. सेल जुने झाले की ती चीं लांबत जायची. आवाजावरून सांगता यायचं, आता आठ-दहा फोटो उरलेत. तुमच्या पडद्यावरच्या रेघांपेक्षा भरवशाचं होतं.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

काका, ती चीं आमी अजून ऐकतोय. लग्नाचा सीझन करतो मी, पंधरा वर्षं झाली. फ्लॅशला अजून पेन्सिल सेलच वापरतो, पण एनलूप, म्हंजे रिचार्जेबल. अक्षता पडायच्या टायमाला फ्लॅश भरायची वाट बघत बसलो तर नवरदेवाचा बाप फोटोऐवजी माझ्याकडं बघतोय.

ताई, एल ८३० नेणार असाल तर एनलूप घ्या. साधे पांढरे २००० एमएएचवाले (एमएएच म्हंजे सेलमध्ये वीज किती मावतेय तो आकडा). काळे प्रो २५०० चे असतात, पण त्यांना चार्जिंगच्या फेऱ्या फार कमी मिळतात. मी पांढऱ्यावरच खूश आहे. साधा रिचार्जेबल सेल भरून कपाटात ठेवला तर महिना-दीड महिन्यात बराच रिकामा होतोय. हे सेल वर्षानं काढले तरी बऱ्यापैकी भरलेले निघतात. हे सॅन्योनं २००५ ला काढलं, आता पॅनासोनिककडं आहे.

आणि चारांचा सेट फोडायचा न्हाई. मी प्रत्येक सेटवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावतो. लाल सेट, गुलाबी सेट, जांभळा सेट. एक जुना आणि तीन नवे घातले की जुना आधी रिकामा होतोय आणि बाकीचे तिघं त्याला उलटा पिळून काढतात. सेल तिथंच खराब होतोय.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या. जोडीनं चार्ज करणारे, नुसत्या टायमरवर बंद होणारे स्वस्त चार्जर नकोत. ते सेल शिजवतात.

---

लोडशेडिंग

+१ नेलपॉलिशला. आमच्याकडे जांभळा सेट टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडला. संशयित सासरे.

---

वजनदार

मी हिशेब करून बघितला. चार एनलूप म्हणजे साधारण १०५ ग्रॅम. एलपी-ई१० फक्त ४५ ग्रॅम. एवढं वजन वाहायचं कशाला? त्यापेक्षा १०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या. बॅटरी ८६० एमएएचची आहे. १०,००० भागिले ८६० म्हणजे साडेअकरा वेळा चार्ज होईल. पाच दिवसांना भरपूर झालं.

---

ओहमचा_नियम

वजनदारराव, इथे गफलत आहे. पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच तिच्या आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. कॅमेऱ्याच्या बॅटरीचे ८६० एमएएच ७.४ व्होल्टचे. तुम्ही चार आण्याची आणि आठ आण्याची नाणी नुसती संख्येने मोजताय.

व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार करा, वॉट-अवर मिळतात. पॉवर बँक ३७ वॉट-अवर, बॅटरी साधारण ६.४. म्हणजे साडेअकराचे पावणेसहा इथेच झाले. शिवाय पॉवर बँक ३.७ चे ५ व्होल्ट करते, चार्जर त्या ५ चे पुन्हा ८.४ करतो, प्रत्येक पायरीवर थोडी वीज उष्णता होऊन जाते. हातात पडतात तीन चार्ज, नशीब चांगलं तर साडेतीन.

तीनही वाईट नाहीत म्हणा. पण त्याच पॉवर बँकेवर मोबाइल लावलात तर हिशेब बदलतो. ५००० एमएएचचा मोबाइल म्हणजे १९ वॉट-अवर. एक मोबाइल पूर्ण भरला की कॅमेऱ्याला जेमतेम चिल्लर उरते.

---

वजनदार

चाराणे-आठाणे पटलं. साडेअकरा मागे घेतो. १०५ ग्रॅम मागे घेत नाही.

---

सासवडची_सून

म्हणजे पॉवर बँकेवर चार्ज होते तर! कशी पण? माझा चार्जर भिंतीतल्या प्लगचा आहे.

---

लोडशेडिंग

एलपी-ई१० साठी यूएसबीवर चालणारे चार्जर मिळतात, दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी बसणारेसुद्धा. कंपनीचे नाहीत, इतरांचे. मी ट्रेकला तोच नेतो. एक सूचना, काही पॉवर बँका करंट फार कमी झाला की काम संपलं असं समजून आपणहून बंद होतात. लिथियम बॅटरी शेवटी शेवटी अगदी थोडा करंट घेते, त्यामुळे रात्री लावून झोपलात तर सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली नसण्याची शक्यता असते. घरी एकदा करून बघा.

नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत हा प्रश्न बराच सुटलाय, थेट यूएसबी-सीची वायर लावता येते. तरी नीट वाचून घ्या. कॅननच्या आर५ सारख्या कॅमेऱ्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त व्होल्टेज देण्याची सोय) असलेलीच पॉवर बँक लागते, साध्या ५ व्होल्टला तो दाद देत नाही.

---

चहाटळ

आणि ती पाठीवर बांधायची सोलर पॅनल? वारकरी चालतोय, पाठीवर ऊन पडतंय, कॅमेरा चार्ज होतोय. काय दृश्य आहे!

---

लोडशेडिंग

केलाय तो प्रकार. आषाढात. दिवसभर पाठीवर पॅनल घेऊन चाललो, संध्याकाळी मोबाइल ३१ टक्क्यांवरून ३४ वर. एक आजी मला म्हणाल्या, "पाट कशाला बांधलाय रं पाठीला, जेवाय बसायला व्हय?"

---

एकतारी

राम कृष्ण हरी. वारीतल्या विजेबद्दल लिहितो, कारण वरचे सगळे कॅमेऱ्याबद्दल बोलताहेत.

मी नऊ वेळा पूर्ण चाललोय. मुक्कामाच्या गावात चार्जिंग मिळतं. लोक ओटीवर एक्स्टेंशन बोर्ड लावून ठेवतात, कुणी पैसे घेत नाही, कुणी मोबाइलमागे दहा-वीस रुपये घेतं. पण एका बोर्डावर तीस चार्जर लटकलेले असतात आणि गावावर त्या रात्री एवढा भार येतो की वीज असेलच असं नाही. दिंडीच्या ट्रकवर बहुतेकदा इन्व्हर्टर किंवा छोटा जनरेटर असतो, तो तंबूतले दिवे आणि माइकसाठी. चालकाशी पहिल्याच दिवशी गोड बोलून ठेवा. त्याला 'ड्रायव्हर' म्हणू नका, माउली म्हणा.

चार्जरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. बोर्डावरून चार्जर चोरीला जात नाहीत, बदलले जातात. माझा पांढरा गेला आणि काळा आला, वायर मात्र आधीपेक्षा लांब मिळाली.

आणि पाऊस. बॅटऱ्या आणि सेल झिपच्या पिशवीत. सुटे सेल पैशाच्या कनवटीत ठेवू नका.

---

घड्याळजी

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. पँटच्या खिशात दोन भरलेले सेल, किल्ल्या आणि सुटे पैसे घेऊन एसटीत बसलो होतो. किल्लीने सेलची दोन्ही टोकं जोडली. मी ज्या वेगाने उठून उभा राहिलो त्यावरून कंडक्टरला वाटलं स्टॉप गेला. मांडीवर नाण्याएवढा लाल डाग आठवडाभर होता. सेलची प्लास्टिकची डबी वीस-तीस रुपयांना मिळते.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

@घड्याळजी 😂 रुपया का दोन रुपये?

---

घड्याळजी

पाच.

---

सासवडची_सून

खूप शिकायला मिळतंय. पण ओरिजिनल की लोकल हे राहिलंच.

---

लोडशेडिंग

लोकल घ्या. चार वर्षं दोन लोकल वापरतोय. ओरिजिनलच्या पाऊण पट टिकतात आणि किंमत निम्म्याहून कमी.

---

ताडोबाकर

नका घेऊ. माही लोकल बॅटरी कॅमेऱ्यातच फुगली. मे महिना, ताडोबा, जिप्सीत ४५ डिग्री. दुपारी कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर राह्यला. चुकी माहीच. संध्याकाळी बॅटरी बाहेरच येईना. दुकानदारानं चिमट्यानं हळूहळू काढली, पंधरा मिनिटं मी श्वास रोखून उभा. ओरिजिनल त्याच उन्हात बाजूच्या बॅगेत होती, तिले काही झालं नाही.

---

लोडशेडिंग

बाजूच्या बॅगेत होती म्हणजे त्याच उन्हात नव्हती ना भाऊ. डॅशबोर्डवर ओरिजिनल ठेवून बघा.

---

ताडोबाकर

तुमची द्या, ठेवून पाहतो.

---

ओहमचा_नियम

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. उष्णता कुठल्याही लिथियम-आयन बॅटरीची शत्रू, ओरिजिनल असो वा नसो. पूर्ण भरलेली बॅटरी तापत्या गाडीत ठेवणं हा तिला म्हातारं करण्याचा सगळ्यात जलद मार्ग. महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर अर्धीमुर्धी भरून थंड जागी ठेवावी.

'लोकल' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतोय. स्वतःचं नाव लावून विकणारी दुसऱ्या कंपनीची बॅटरी. नावगाव नसलेली बॅटरी. आणि ओरिजिनलचं नाव छापलेली नकली बॅटरी. पहिली मी बिनधास्त वापरतो. तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती पैसे ओरिजिनलचे घेते.

आपल्याकडे लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६०४६. पाकिटावर आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. आणि छापलेला एमएएचचा आकडा बघा. त्याच आकाराच्या डबीत ओरिजिनल ८६० देते आणि कुणी २००० देतो म्हणत असेल, तर त्या डबीत जास्तीची बसलेली गोष्ट फक्त शाई आहे. पेन्सिल सेललाही हाच नियम. ४००० एमएएच छापलेला रिचार्जेबल पेन्सिल सेल दिसला की हसून पुढे जावं.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

माझ्या नव्या बॉडीत दुसऱ्या कंपनीची बॅटरी घातली की पडद्यावर विचारतोय, 'या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का?' मी 'हो' दाबतो. रोज सकाळी देवपूजा झाल्यावर पहिलं खोटं तेच.

---

वजनदार

पेन्सिल सेलचा विषय निघालाच आहे तर माझा मूर्खपणा नोंदवून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ऑनलाइन एकाकडून 'पेन्सिल साइज लिथियम रिचार्जेबल' असे चार सेल घेतले. हलके होते म्हणून घेतले, ओळखलं असेलच. कॅमेऱ्यात बरोब्बर बसले. कॅमेरा एकदा लुकलुकला आणि कायमचा गेला.

---

ओहमचा_नियम

अरेरे. १४५०० असणार. आकार पेन्सिल सेलचाच, पण एकेक ३.७ व्होल्टचा. चार मिळून १४.८, आणि कॅमेऱ्याची अपेक्षा सहाची. जागेत बसतो म्हणून चालतो असं नसतं.

यांच्यात आणि दीड व्होल्टच्या एकदाच वापरायच्या लिथियम पेन्सिल सेलमध्ये गोंधळ करू नका. ते कॅमेऱ्यात चालतात, वजनाला हलके, भरपूर टिकतात. पण महाग असतात आणि रिचार्ज अजिबात करायचे नाहीत. काही फ्लॅशच्या पुस्तिकेत ते वापरू नका असं लिहिलेलं असतं, फार तापतात म्हणून. फ्लॅशचं आधी वाचून घ्या.

---

थंडोबा

इथे मिनियापोलिसमध्ये बसून ४५ डिग्रीच्या कथा वाचतोय आणि हेवा वाटतोय. आमच्याकडे उलटं. जानेवारीत उणे वीसमध्ये तळ्यावर फोटो काढायला गेलो की भरलेली बॅटरी वीस मिनिटांत लाल. घाबरून पहिली कचऱ्यात टाकणार होतो. बायको म्हणाली, खिशात ठेव. अर्ध्या तासाने तीच बॅटरी पुन्हा निम्मी भरलेली! थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, वीज कुठे जात नाही. तेव्हापासून एक कॅमेऱ्यात आणि एक शर्टच्या आतल्या खिशात, छातीशी. आलटून पालटून. ते वर सांगितलेले एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे चाळीसपर्यंत चालतात, माझ्या जीपीएसमध्ये तेच आहेत.

विमानाने भारतात येताना सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत, पॉवर बँक मात्र बघून घ्यावी.

---

सासवडची_सून

सासवड ते लोणंद उणे वीस होणार नाही अशी आशा आहे. पण हळदीला बॅटरी चार वाजता का गेली? पुस्तिकेत ५०० फोटो लिहिलेत. माझे दोनशेसुद्धा झाले नव्हते.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

ताई, खरं सांगा. पडद्यावर बघून काढत होता का व्ह्यूफाइंडरला डोळा लावून?

---

सासवडची_सून

पडद्यावर. आणि प्रत्येक फोटोनंतर नणंदेला दाखवत होते. आणि दोन व्हिडिओ. आणि वायफायवरून मोबाइलवर पाठवले.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

मग चारपर्यंत टिकली हेच नवल! बॅटरीचा सत्कार करा.

ते ५०० व्ह्यूफाइंडरचे. पडद्यावर काढलं तर निम्म्याच्याही आत येतोय आकडा, कारण सेन्सर आणि पडदा सारखा चालू. व्ह्यूफाइंडर वापरा, फोटो आपोआप दिसायचा वेळ दोन सेकंदांवर आणा, वायफाय बंद, ऑटो-ऑफ तीस सेकंद. शटर अर्धं दाबलं की कॅमेरा जागा होतोय, सारखा स्विच करायची गरज नाही. एवढं केलं तर दिंडीत दिवसाला एक बॅटरी पुरून उरंल.

एल ८३० ला एक करायचं. सेटअपच्या मेनूत 'बॅटरी टाइप' असतंय, तिथं रिचार्जेबल निवडा. ते अल्कलाइनवर राहिलं तर चांगले भरलेले सेल घालूनसुद्धा तो संपले म्हणून रडतोय.

---

डार्करूम

एक अवांतर. लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा आली ती १९९१ मध्ये, सोनीने आणली. सुरुवातीच्या काळात ती कॅमकॉर्डरमध्ये, म्हणजे हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात, असायची. म्हणजे तुमचा मोबाइल आणि कॅमेरा एकाच बॅटरीवर वाढले आणि आता मोबाइलने कॅमेऱ्यालाच बाजूला सारलं. कृतघ्न.

---

चहाटळ

काका १९९१ पर्यंत आले! टाळ्या.

---

एकतारी

या मोबाइलवरून आठवलं. आमच्या दिंडीतली दोन पोरं गेली तीन वर्षं मुक्कामाचं कीर्तन लाइव्ह दाखवतात. दोन-अडीच तास सलग. बॅटरी पुरत नाही म्हणून ते कॅमेऱ्यात बॅटरीच्या आकाराचा एक ठोकळा घालतात, त्याची वायर बाहेर येते आणि प्लगला जाते. डमी बॅटरी म्हणतात. फार सोयीचं. फक्त एकदा ऐन काल्याच्या अभंगाला वीज गेली आणि चालू असलेला व्हिडिओ उघडलाच नाही पुन्हा. महाराज म्हणाले, विठ्ठलाला रेकॉर्डिंग नको असेल.

---

लोडशेडिंग

म्हणून मी डमीसाठी पॉवर बँकवाली वायर घेतली. वीज गेली तरी चालतं.

ताई, यादी करताय ना? नंतर येऊन काय झालं तेही सांगा. असे धागे 'धन्यवाद, निघते' वर संपतात आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

---

सासवडची_सून

सांगते. एक ओरिजिनल बॅटरी आणखी घेतली. (हो, ओरिजिनल. फुगलेली बॅटरी तंबूत कोण काढणार?) यूएसबी चार्जर, १०,००० ची पॉवर बँक, झिपच्या पिशव्या. आठ एनलूप, लाल आणि गुलाबी ठिपक्यांसकट. एल ८३० सासूबाईंच्या पिशवीत, त्या म्हणाल्या त्यांचं ओझं मी मोजू नये. धन्यवाद, निघते.

---

चहाटळ

संपला धागा.

---

*(साडेतीन आठवड्यांनी)*

सासवडची_सून

नाही संपला. आले परत. पाय अजून दुखतात.

पहिले दोन दिवस तुमच्या हिशेबाबरहुकूम गेले. व्ह्यूफाइंडर, वायफाय बंद, दिवसाला एक बॅटरी. जेजुरीला रात्री तंबूत पॉवर बँकेवर बॅटरी लावली. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे काय गं? मी सांगितलं. त्यांचा मोबाइल बंद पडला होता, मुलाला फोन करायचा होता. दहा मिनिटं लावून दिला. वाल्ह्याला अकरा मोबाइल आले. नाही म्हणता येतं का? प्रत्येकाला घरी एकच सांगायचं असतं, पोचलो, बरे आहोत. ओहमचा_नियम यांची चिल्लर मला रोज रात्री आठवायची. लोणंदला ट्रकवाल्या माउलींच्या इन्व्हर्टरवर पॉवर बँक भरून घेतली आणि तासाभरात ती पुन्हा रिकामी. ती माझी राहिलीच नव्हती.

लोणंद-तरडगाव वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. दुतर्फा दिंड्या, मधून अश्व येणार. पहिली बॅटरी आधीच संपवली होती, कारण मी नीरा स्नानाला व्हिडिओ केले होते आणि ती नंतर भरलीच गेली नव्हती. दुसरी घातली, लाल लुकलुकली, गेली. गर्दीत मी, हातात बंद कॅमेरा, आणि लांबून आरोळी उठली.

सासूबाईंनी पिशवीतून एल ८३० काढून दिला. गुलाबी ठिपके. त्यांनी पाच दिवसांत तो चालूच केला नव्हता, त्यामुळे सेल जसेच्या तसे. पेन्सिल सेल कुणी मागत नाही हो, मोबाइलला लागतच नाहीत.

त्या कॅमेऱ्याचं शटर दाबल्यावर फोटो निघेपर्यंत अश्व आपल्या पुढून जाऊन तरडगावच्या अर्ध्या वाटेवर पोचतो. माउलींच्या अश्वाची माझ्याकडे एक शेपटी आहे आणि एक फक्त धूळ. पण पुढचे आलेत. अश्व गेल्याबरोबर सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात, त्यात सासूबाई. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जमिनीवर न बसणाऱ्या. सलग नऊ फोटो, सेलने एकदाही कुरकुर केली नाही.

---

कॅमेरा_कोल्हापुरी

नाद खुळा ताई. शेपटीचा पण टाका.

---

एकतारी

माउली माउली. पुढच्या वर्षी पॉवर बँका दोन न्या. एक दिंडीची म्हणूनच न्यायची, दुसरीबद्दल कुणाला सांगायचं नाही.

---

वजनदार

दोन पॉवर बँका म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर गेलं.

---

ओहमचा_नियम

फोटोंचा वेगळा धागा काढा. आणि दोन्ही बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या झाल्या आहेत ना, मग ठेवून देण्याआधी अर्ध्या तरी भरा. तशाच महिनोन्‌महिने पडल्या तर उठणार नाहीत.

---

सासवडची_सून

भरल्या. लाल ठिपक्याचा एक सेल मात्र सापडत नाहीये. नवरा काही बोलत नाहीये.

---

घड्याळजी

घरातली घड्याळं तपासा.